भिंतीवरची सांबरशिंगं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मित्राच्या घरातल्या शिंगांखाली उभं राहून तुम्ही फोटो पाठवलात आणि विचारलंत, "आजी, कसली भारी आहेत ना?" फोनवर दोन शब्दांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात मी कोकणातल्या एका ठाण्यात फौजदार होते. जंगलात शिर कापून नेलेलं सांबर सापडलं. वनखात्याने गुन्हा नोंदवला. आमच्या खबऱ्याने सांगितलं, शिंगं दुबईला गेली आहेत, रजा संपवून परतलेल्या एका सुताराच्या सामानातून. झालं, संशयित तयार. त्याची बायको ठाण्यात आली. "बाई, त्यांनी कधी गलोलसुद्धा धरली नाही. मालकाने खोका दिला, तो नेला."

मालक आपलाच मराठी माणूस. दुबईच्या अल क्वोज भागात फर्निचरचा कारखाना, गावाकडे फार्महाऊस. चौकशीला त्याने उत्तर दिलं, "शिंगं जंगलात गळून पडलेली होती, कामगाराने उचलून आणली आणि मला भेट दिली." गळलेली शिंगं बाळगणंही गुन्हाच, तेव्हा सगळं सुताराच्या माथी. वर मालकाने सुताराला सांगितलं, "व्हिसा कॅन्सल. खलास. घरी जा." घरी उतरताच त्याला अटक होणार होती.

माझा भाऊ दुबईत व्यापार करायचा आणि त्या मालकाला ओळखायचा. रजा टाकून मी त्याच्याकडे गेले. तिथे मला कसलाही अधिकार नव्हता. आधी सुताराला त्याच्या खोलीवर भेटले.

"खोका उघडून का नाही पाहिलास?"

"बाई, गावाहून येणारा प्रत्येक जण दुसऱ्याचं काहीतरी आणतो. लोणचं, पापड, औषध. दोरी सोडून बघितली तर विश्वास नाही असा अर्थ होतो. मालक म्हणाले, नक्षीचं लाकूड आहे. मी सुतार माणूस, मला खरं वाटलं."

मग भावाबरोबर मालकाच्या घरी जेवायला गेले. मी पोलिसात आहे, हे आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. हॉलमध्ये सोफ्याच्या वर शिंगं लावलेली, तळाशी कवटीचा तुकडा पितळी पट्टीत बसवलेला. कवटी दिसताच मला काय ते कळलं. तरी पाहुण्यांसमोर मी म्हटलं, "छान आहेत. पण गळलेली दिसतात. जंगलात अशी कितीतरी पडलेली असतात."

त्याची बायको हसली. "बघा, मी सांगत होते ना, कुठून तरी उचलून आणलीत म्हणून!"

तो चिडला. भावाला म्हणाला, "हबीबी, समजव तुझ्या बहिणीला. ताई, गळलेल्या शिंगाला कवटी असते का? जीपच्या दिव्यात उभं होतं, एका गोळीत पाडलं. आमच्या फार्मच्या वॉचमनला विचारा, टॉर्च त्यानेच धरला होता."

पाहुण्यांनी वाहवा केली.

चोर पकडला गेला तरी बहुधा गप्प बसतो. शिकाऱ्याला ते जमत नाही. गोष्ट सांगायची नसेल तर शिंगं भिंतीवर लावायची कशाला?

परत येऊन आम्ही वॉचमनचा जबाब घेतला. फार्महाऊसमधून बंदूक पंचनामा करून जप्त केली. सुतार आरोपी न होता साक्षीदार झाला आणि अटकेविना घरी पोहोचला, पण नोकरी गेली ती गेलीच. मालक पुन्हा भारतात फिरकला नाही. भावाला मात्र त्याने फोन केला. "एका जनावरासाठी तुझ्या बहिणीने माझं नाव खराब केलं." सुताराबद्दल त्यात एक शब्द नव्हता. माझ्या माहितीप्रमाणे ती शिंगं बरीच वर्षं त्याच भिंतीवर होती.

ज्याला मौजेसाठी जीव घेताना काही वाटत नाही, त्याला दुसऱ्याला अडकवतानाही काही वाटत नाही, हे मी तिथे शिकले. म्हणून मित्राच्या वडिलांना नुसतं 'हे कोणी मारलं' एवढं विचारून थांबू नका. ते इथवर कोणी वाहून आणलं आणि त्याला खोक्यात काय आहे हे सांगितलं होतं का, तेही विचारा.