लाल वाळूची पिंडी

ॲरिझोनातल्या सेडोनाचे ते लाल डोंगर पहिल्यांदा दिसले तेव्हा मनात आलं, आमचे हे इथे हवे होते. डोंगर फार सुंदर होते म्हणून नव्हे हो. त्या दिवसांत काहीही चांगलं दिसलं की माझं असंच व्हायचं. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला लेकाच्या घरी नुसती सोफ्यावर टेकले तरी वाटायचं, आपण इथे राणीसारख्या बसलोय आणि तिकडे पुण्यात माणूस डब्यातली गार पोळी चावतोय.

ह्यांना आदल्याच वर्षी अटॅक येऊन गेला होता. निभावलं, पण माणूस अर्धा झाला. मग सुनेकडची गोड बातमी कळली, आणि हेच मागे लागले, “तू जा. शेजारच्या काकू डबा देतील. मी काय कुक्कुलं बाळ आहे?” आले मी. नातवंडाच्या ओढीने आले, खोटं कशाला बोलू? पण विमानात बसल्यापासून जी बोचणी लागली ती काही सुटेना.

दोन हजार तीनचा ऑगस्ट संपत आला होता. लाँग वीकेंड आला तशी चिरंजीवांनी ट्रिप ठरवली. “आई, ॲरिझोनाला जाऊ. छोटासा हाइक आहे, जवळजवळ फ्लॅटच. हिला पण डॉक्टरने चालायला सांगितलंय.” विमान, हॉटेल, गाडी, सगळं बुक करून मोकळा झाला. मग रात्री मी पुण्याहून आणलेलं कॅलेंडर उघडून बघते तर काय, नेमकी त्याच शनिवारी हरतालिका! कपाळाला हात लावला.

माझी हरतालिका निर्जळी असते. लग्न झाल्यापासून कधी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. हे सांगितलं असतं तर पोराने सगळं कॅन्सल केलं असतं आणि वर तोंड पाडून बसला असता. म्हणून गप्प बसले. उपास सोडणं तर त्या वर्षी शक्यच नव्हतं. अटॅकमधून हे वाचले ते माझ्या उपासांवर, असं मी डॉक्टरांसमोर बोलले नाही, पण मनात पक्कं धरलं होतं. त्यात मी त्यांना एकटं टाकून आलेली. निदान एवढं तरी त्यांच्यासाठी करायला नको?

सूनबाई असलं काही करत नाही. ती नागपूरची, बोलायला फटकळ, पण माझ्यापुढे जपून असायची. आदल्याच आठवड्यात मी तिला टोमणा मारला होता, “आमच्या वेळी सुनांना सांगावं लागत नसे, आपणहून करायच्या.” ती नुसती हसली होती. ते हसणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

शनिवारी सकाळी पोट जड आहे म्हणून मी नाश्ता टाळला. चहालाही नाही म्हटलं, तेव्हा सूनबाईने एकदा निरखून बघितलं. मग निघालो. फ्लॅट कसलं डोंबल! दगडाची एक पायरी चढावी तर पुढे दुसरी तयार. माती लाल, दगड लाल, थोड्या वेळाने माझे पांढरे बूटही लाल. ऊन असं की घाम यायच्या आत वाळायचा. गोरी मंडळी अर्ध्या चड्डीत हसत हसत “मॉर्निंग” म्हणत पुढे जात होती. एक म्हातारी तर काठ्या टेकत माझ्या पुढे निघून गेली, माझ्याहून नक्की मोठी असणार. मला मेलीचा रागच आला.

“आई, इथे एनर्जी असते म्हणतात. काही फील होतंय का?” लेकाने विचारलं.

“होतंय ना, गुडघ्यात,” मी म्हटलं.

एका मोठ्या खडकाच्या सावलीत आम्ही टेकलो. लेक कॅमेरा घेऊन वर गेला. सूनबाई डोळे मिटून खडकाला टेकली. मी मनात म्हटलं, पूजा उरकायची तर आत्ताच. हरतालिकेला वाळूची पिंडी करतात आणि इथे तर पायाखाली वाळूच वाळू. पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी होतीच. पण कोरडी वाळू धरेल तर शपथ. पिंडी उभी करावी की ढासळतेय. शेवटी मी हलकेच म्हटलं, “जरा पाणी दे गं.”

पोरीने काय चटकन बाटली पुढे केली! सकाळपासून वाट बघत असावी. “घ्या आई, सगळी संपवा, माझ्याकडे दुसरी आहे.”

मी बाटली उघडली आणि पाणी वाळूवर ओतलं.

ती बघतच राहिली. “आई, हे काय करून राहिल्या तुम्ही?”

आता लपवून काय उपयोग? सांगितलं सगळं. सांगता सांगता पिंडी थापली, हळदीकुंकू वाहिलं, कसल्याशा झुडपाची खाली पडलेली पानं वाहिली. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, समजूतदार आहे. नमस्कार करून वळते तर तिने स्वतःची बाटली बंद करून माझ्या पुढ्यात ठेवलेली.

“मग मी पण नाही पिणार,” ती म्हणाली.

“भलतंच काय? तुला पाचवा महिना लागलाय. दिवस गेलेल्या बाईला उपास माफ असतो.”

“आणि साठीच्या बाईला वाळवंटात माफ नसतो? मी पण सवाष्णच आहे न. आपणहूनच करून राहिली, सांगावं कुठे लागलं?”

माझाच टोमणा, सव्याज परत! मी चिडले. म्हटलं, हा हट्ट आहे. ती म्हणाली, हो, दोघींचा आहे. मी म्हटलं, पोटातल्या जीवाशी खेळू नकोस. त्यावर तिचा आवाज एकदम खाली आला. “काहून तुम्ही स्वतःच्या जीवाशी खेळता मग? तुम्हाला इथे काही झालं तर बाबांना फोन कोण करेल? मीच न? काय सांगू मी त्यांना?”

मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ सुकले होते आणि एक हात पोटावर होता. इकडे नवरा, तिकडे नातवंड, आणि मध्ये माझा वाळूचा महादेव. ती नमेल म्हणून मी बाटली तिच्याकडे सरकवली. ती काही नमली नाही. शेवटी मीच बाटली उचलली, महादेवाला म्हटलं, बाबा रे, मला माफ कर, ह्यांना काही करू नकोस, आणि प्याले.

गोड लागलं हो. एक घोट घेऊन थांबायचं ठरवलं होतं, पण घटाघटा अर्धी बाटली संपवली. त्याचीच जास्त लाज वाटली. तीही प्याली. लेक खाली आला आणि म्हणाला, “वा, दोघी मस्त रेस्ट करताय!” आम्ही दोघींनी त्याला काही सांगितलं नाही. परत येताना माझ्या मनात एकच चाललं होतं, आज ह्यांची तब्येत बिघडली तर ते माझ्यामुळे.

संध्याकाळी हॉटेलवर आल्या आल्या मी कॉलिंग कार्ड काढलं. तिकडे गणेश चतुर्थीची सकाळ उजाडली होती. रिंग वाजत राहिली तशी मी महादेवाचं नाव घ्यायला लागले. आणि मग ह्यांचा आवाज आला, चांगला खणखणीत.

“अगं, आत्ताच गणपती बसवला. मोदक विकतचे आणलेत, ओरडू नकोस. आणि ऐक, काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास! मी त्यांना म्हटलं, औषधं तुमची असतील, पण उपास आमच्या हिचा आहे.”

सूनबाई समोरच्या पलंगावर पाय लांब करून बसली होती. ती माझ्याकडे एकटक बघत होती.

“हॅलो? आहेस ना? उपास झाला ना नीट?”

“झाला,” मी म्हटलं.

“झाला कसला? तुमच्याकडे अजून कालचाच दिवस आहे की! म्हणजे अजून तू तशीच कोरडी बसलीयेस. हे बघ, इथे चतुर्थी लागली, मला काहीही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. आता पुरे झालं. घोटभर पाणी पी बघू. आत्ता. मी फोन धरून उभा आहे.”

“अहो, राहू द्या ना.”

“राहू द्या नाही. एवढी वर्षं तू तहानलेली हिंडायचीस आणि मी तुझ्यासमोर चहा प्यायचो. कधी म्हटलं नाही मी, पी म्हणून. आज म्हणतोय. माझ्यासाठी पी.”

सूनबाई उठली. तिने ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला. मी रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि त्यांना ऐकू जाईल असे मोठे मोठे घोट घेत सगळं पाणी प्याले.

“शाब्बास,” हे म्हणाले. “आता कसं, बरं वाटलं ना?”