डालड्याच्या डब्यातला बहार

मानकापूर मागे पडलं तेव्हा जयवंताने तिसऱ्यांदा डबा उघडून पाहिला. आत केळीच्या पानावर पाच स्ट्रॉबेऱ्या.

"आहेत नं?" मी विचारलं.

"आहेत वं. एक जराशी नरम पडून राहिली." डबा पदराखाली धरून ती पुन्हा अनवाणी चालू लागली.

फळ धरलं तर पहिली फळं घेऊन कोराडीच्या देवीला पायी जाईन, असा तिचा नवस होता. नवस बोलली तेव्हा मी शेजारी उभी होते, म्हणून मलाही चालणं आलं. अठ्ठ्याहत्तर सालचा माघ होता तो. आम्ही दोघी लकडगंजात भिंतीला भिंत लागून राहत होतो आणि वरची गच्ची दोघींची मिळून होती.

जयवंता काटोलकडची. माहेरी संत्र्याचा बगीचा, आणि इथे नवरा विश्वनाथराव कचेरीत कारकून. जमीन म्हणून पाय ठेवायला ती गच्चीच. तरी भाजीवाल्याला "तुमच्या सांबाराले पाणी जास्त झालं गा" असं सुनावल्याशिवाय तिने कधी कोथिंबिरीची जुडी घेतली नाही.

दसऱ्यानंतर तिच्या नणंदेने वाईहून ओल्या पोत्यात गुंडाळून स्ट्रॉबेरीची बारा रोपं पाठवली. आमच्या मुलांनी हे फळ जॅमच्या बाटलीवर तेवढं पाहिलेलं. तिचे मुकुंद आणि चारुशीला, माझी नीला, तिघांनी चार-चार रोपं वाटून घेतली. डालड्याच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, शेणखत घातलं. चौथ्या दिवशी मुकुंदने एक रोप उपटून पाहिलं. खाली शेंगा धरल्या का, ते बघत होता. राहिली अकरा.

रोपं मस्त वाढली. पण मार्गशीर्षात जयवंता गच्चीवर आली आणि कमरेला हात लावून म्हणाली, "आता पाणी बंद."

मुलं रडकुंडीला आली. मी म्हटलं, "काहून वं? मरतील नं ती!"

"काही मरत नाही. ताण द्या लागते. संत्र्याले ताण देल्याबिगर बहार येते का? पानं माना टाकतात, मंग पाणी सोडायचं, की फुलंच फुलं!"

"हे संत्रं आहे का पण?"

"फळ आहे नं? मंग झालं तर!"

तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. गच्चीच्या दाराला तिने कडी घातली नाही, एवढंच नशीब.

रोज सकाळी ती पानं बघायला जाई. पानं मान टाकायचं नाव घेईनात, उलट जास्तच हिरवी. "लय जिद्दीची जात आहे," म्हणून दहा दिवसांचा ताण तिने एकवीस दिवसांवर नेला. आणि मग रोपांना पांढरी फुलं आली! विश्वनाथरावांच्या कचेरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना जयवंताचा ताण माहीत झाला. माघात फळं लाल झाली, एकूण चौदा. देवीच्या आधी कोणी चाखायचं नाही, म्हणून नऊ घरी टोपलीखाली ठेवलेली. तीन मुलं शाळेत गेली होती, पण मनाने टोपलीपाशीच बसलेली असणार.

कोराडीच्या वीजघराच्या चिमण्या दिसायला लागल्या तशी जयवंता म्हणाली, "बापूजीले चिठ्ठी पाठवतो. माहेरी ताण तोडायचा दिवस बापूजी ठरवत. मी तेरा वर्षांची होती. झाडं पाहून म्हटलं, बसला ताण, आता पाणी सोडा. तर सगळ्या गड्यांसमोर म्हणाले, पोरीच्या जातीले काय समजते? भावांच्या हाती फावडं देलं, अन् मले भाकरी आणायले पाठवलं. आता कळू दे त्याईले."

देवी जवळ येत होती, आणि तिच्यापुढे लपवाछपवी चालणार नव्हती.

"जयवंता," मी म्हटलं, "एक सांगू? रागावशील."

"सांग नं."

"मी पाणी घालत होते."

ती थांबली. "कशाले?"

"रोपांना. म्हणजे पाणी नाही, देवाच्या आंघोळीचं तीर्थ. तीर्थाला तू कुठे नाही म्हटलं होतं? आधी पळीभरच घालत होते. मग बाळकृष्णाला तांब्याभर पाण्याने आंघोळ घालायला लागले."

"रोज?"

"रोज. अन् नीला शाळेतून आली की पाण्याची बाटली तिथंच रिकामी करे. तुझा मुकुंद हात धुवायला गच्चीवर जाई."

"तो तर मोरीतबी हात धूत नाही!"

"त्याचंच तर म्हणते."

"अन् चारू?"

"तिचं मला माहीत नाही," मी म्हटलं. ते मात्र खोटं होतं.

जयवंता रस्त्याकडेच्या निंबाखाली बसली. डबा मांडीवर. मला वाटलं, आता रडते. "एकवीस दिवस," ती म्हणाली. "एकवीस दिवस मी त्याईची पानं पाहून राहिली होती! मले वाटे, काय जिद्दीची जात आहे!" आणि ती हसायला लागली ती एवढी, की सायकलवरून जाणारा दूधवाला उतरून उभा राहिला. डोळे पुसता पुसता तिने डबा पुन्हा उघडला आणि पाचही मोजल्या.

"बापूजी आता पंच्याहत्तरचे झाले," ती डब्याला झाकण लावत म्हणाली. "चिठ्ठी आली की पारावर बसून सगळ्याईले वाचून दाखवतात."

मी तिला उठायला हात दिला. तिने तो धरला, पण उठली नाही.

"तुझं अक्षर चांगलं आहे वं. चिठ्ठी तू लिहून दे. लिही, जयवंताने ताण देला, अन् बहार आला. पाण्याचं तिथं देवीपुढं सांग, जेवढं सांगाचं तेवढं. बापूजीले नको लिहू."