निळीच्या घराची मागची भिंत

निळीचं घर पाडू द्यायचं नाही, हे मी ठरवलं आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. सून होते, मला कुणी विचारलं नव्हतं.

कानडी मुलखातल्या आमच्या रंगाऱ्यांच्या आळीत ते घर सगळ्यांत जुनं. बुटकं छप्पर, हातभर जाड भिंती, उंचावर एकच झरोका. आत रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. नीळ चुना, गूळ आणि टाकळ्याच्या बियांवर आंबते, तिला ऊब लागते. म्हणून घर तसं बांधलेलं. प्लेगानंतर म्युनिसिपालिटीला मात्र अंधारं घर दिसलं की पाडावंसं वाटायचं. त्यात आमच्या मागच्या भिंतीनं पोट काढलेलं. त्यांचा माणूस बजावून गेला, दसऱ्याच्या आत भिंत नीट करा, नाही तर घर खाली येईल.

आमचे हे मनातून खूष. त्यांना डब्यातली विलायती निळीची पूड आणि पत्र्याची शेड हवी होती.

"होगली बिडी, अप्पा," ते मामंजींना म्हणाले. "जाऊ द्या. पुडीला काय, एक बादली साकु. पुरे झाली."

मामंजींचं आयुष्य त्या रांजणांवर वाकण्यात गेलं आणि आता तोंडातून शब्द नाही! मला त्यांचा असा राग आला की मीच बोलले, "भिंत आपण बांधू."

"गवंडी एल्ली इदारे?" ह्यांनी विचारलं.

गवंडी कुठे आहेत, हा प्रश्न खराच होता. किल्ल्यात नवा राजवाडा उठत होता आणि गावातले सगळे गवंडी तिकडे. पण बांधकामाच्या चुन्यात गूळ आणि हिरडा लागतो, आणि ते तर आमच्या घरात पोत्यांनी पडलेलं. आम्ही जन्मभर कापडाला हिरडा देत आलो, भिंतीला द्यायला काय हरकत?

निळीच्या घरात बाईनं पाऊल टाकायचं नाही, अशी आमच्यात रीत. बाईच्या सावलीनं नीळ नासते म्हणे. पण कामासाठी रांजण उपसून ठेवले होते, नासायला आत काही उरलं नव्हतं, म्हणून मामंजींनी मला आत घेतलं. छपराला वासे टेकवून फुगलेल्या विटा आम्ही वरून एकेक उतरवल्या. मामंजी विटा लावायचे, मी चुना घोटायची. हात फुटले, नखांत चुना बसला. आळीतल्या बायका मला हट्टी म्हणायच्या. होतेच मी हट्टी.

गिलावा वाळायला लागला तसा काळा पडला. इथे तिथे नाही, अर्धी भिंत काळी. चूक रंगाऱ्यालाच जमेल अशी. मामंजींनी हाताच्या सवयीनं हिरडा काळा रंग करायच्या माठात भिजवला होता आणि त्या माठात लोखंडाचं पाणी मुरलेलं. हिरड्याला लोखंड लागलं की काळा रंग होतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

"अप्पा, भिंत बांधली की लुगडं रंगवलं?" हे पोट धरून हसले.

मामंजी ओशाळले. "सणाला काळी भिंत नको. खरवडून टाकतो."

मी त्यांच्या हातातली थापी काढून घेतली. "चुन्यानं आता धरलंय. हात लावाल तर विटा हलतील. काळी तर काळी."

दसऱ्याआधी म्युनिसिपालिटीचा माणूस आला. त्यानं ओळंबा सोडून पाहिला, काठीनं ठोकून पाहिलं. रंग बघून नाक मुरडलं, पण "इरली" म्हणाला. असू दे. घर वाचलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सण झाल्यावर मामंजींनी रांजण भरायला घेतले. मी गुळाची ढेप घेऊन निघाले, तर ते दारात आडवे आले.

"आता नको पोरी. नीळ नासेल."

भिंतीला माझे हात चालले आणि निळीला चालत नाहीत? मी उंबऱ्यावरून हलले नाही.

"नासली तर ही भिंत मीच पाडीन," मी म्हणाले. "माझ्या हातानं. मग खुशाल पत्र्याची शेड घाला."

मी बोलले ते करीन, हे मामंजींना एव्हाना कळलं होतं. ते बाजूला झाले.

रांजणावर निळा फेस धरला आणि त्यावर नीळ साधल्याची तांबूस झाक आली, तेव्हा ढवळायची काठी माझ्या हातात होती.