गुत्त्याचा माणूस

मी पुण्याला निघालो त्या दिवशी बाबांनी सौंदडच्या स्टेशनावर माझी बॅग लाथेनं उडवली. धानाच्या रोवणीचा गुत्ता घेतलेली आमची टोळी मी भर हंगामात सोडून चाललो होतो. "जा, मर तिकडं! दुसऱ्याच्या हुकमात राहशील तवा समजन तुले," ते ओरडले. मीही चवताळून म्हणालो, तिकडंही मी गुत्त्यानंच काम करणार हाय.

खरंच तसं वाटलं होतं. आपल्याकडं गुत्ता घेतला की ठरल्या पैशात धानाची अख्खी बांधी रोवून द्यायची. कधी यायचं, कधी बसायचं ते टोळी ठरवते. शेतमालक कडेच्या धुऱ्यावरून गुमान पाहतो. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीनं ‘तू कॉन्ट्रॅक्टर’ म्हटलं आणि मी खुशीत सही ठोकली. गावाकडून इकडं आलेल्या पोरांनो, तुम्हीही अशीच ठोकली असेल. कसला गुत्ता न् कसलं काय! टॅक्स कापायचा तो स्वतंत्र व्यावसायिक म्हणून. पीएफ नाही, ईएसआय नाही. पण बिल तासावर, आणि तो तास सुपरवायझरच्या ताब्यात. चहाला गेलो तरी शिव्या, वर तेवढा वेळ कापलेला. डोकं रोज भणभणायचं.

एकदा त्या सुपरवायझरनंच घाई केली, "बंद कशाला करतोस, चालू मशिनीवरच बघ." लिफ्टच्या दोरानं माझी दोन बोटं पुलीत ओढून चिरडली. दवाखान्यात माझं रक्त फरशीवर गळत असताना तो काउंटरवर म्हणाला, "हा आमचा माणूस नाही. बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर आहे." धड हातानं मी त्याच्या नाकावर ठोसा हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि खोटं कायले सांगू, बरं वाटलं.

पोलीस ठाण्यात हाच माणूस नाकाला बोळा लावून बोंबलत होता, "साहेब, आमच्या कामगारानं ड्युटीवर असताना मला मारलं!"

मी उभा राहून ओरडलो, "लिहा! ‘आमच्या कामगारानं’, असंच लिहा!"

आता दोन केसेस चालू आहेत. मारहाणीची माझ्यावर, आणि मी कामगारच होतो ही माझी कंपनीवर. बोटं मात्र गेली. मायनं फोनवर विचारलं, "कायले मारलं रे त्याले?"

"मले आपला माणूस म्हणेच ना तो."

"मंग घरी ये ना. आमी म्हणून राहिलो ना आपला."

ऐकून ढसाढसा रडलो. घर म्हणजे तेवढंच, माय म्हणाली ते. पण मी गेलो नाही. ‘आमचा माणूस’ हा शब्द मला आता त्या सुपरवायझरच्या तोंडून, भर कोर्टात, वदवून घ्यायचा आहे.