दारामागचा टॉवेल

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो माझ्या आत्यामुळे. गावच्या शाळेतून बारावी झाल्यावर तिने मला ठाकुर्लीला आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं आणि कॉलेजची तीन वर्षं जेवू घातलं. हे आधी लिहितो, कारण पुढे जे लिहायचं आहे ते तितकं चांगलं नाही.

आत्याचा मुलगा माझ्याच वयाचा. मी आल्यावर तिने आम्हा दोघांना एकसारखे निळे, जाड टॉवेल घेतले आणि ओळखू यावा म्हणून माझ्या टॉवेलच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला. महिन्याभरात माझ्या टॉवेलला कुबट वास यायला लागला. त्याच्या टॉवेलला नाही. रोज तोंड पुसताना तो वास नाकात जायचा आणि मनात यायचं, शेवटी तो पोटचा, मी भावाचा.

निघताना वडिलांनी बजावलं होतं, "तिला तुझं काही करायला लावू नकोस." म्हणून माझे कपडे मीच धुवायचो. टॉवेलला दुप्पट पावडर घालायचो, वर सुवासाचं लिक्विड. छताजवळच्या दांडीवर तिची जागा अडायला नको, म्हणून तो बाथरूमच्या दारामागे खिळ्याला अडकवायचो. गावी पंचा कुठेही टाकला तरी तासाभरात वाळायचा.

तिच्या मुलाचा टॉवेल मात्र पलंगावर लोळायचा आणि आत्या तो उचलून दांडीवर टाकताना ओरडायची, "मेल्या, ओला टॉवेल गादीवर? बायको हाकलून देईल तुला."

"तूच शोधणार आहेस ना तिला? शांत बघ एखादी."

दोघं हसायची. मला ती कधी मेल्या म्हणाली नाही. मला 'बाळा'. त्या शिवीचा मला हेवा वाटायचा.

एका सकाळी मी टाका उसवला आणि टॉवेल बदलले. आठवड्यात त्याचा चांगला टॉवेल माझ्याकडे कुबट झाला, आणि माझा तिच्या हातून धुऊन आला तो नव्यासारखा. हेवा आणखी वाढला.

रविवारी आत्याने दारामागचा टॉवेल काढून हुंगला. कोपरा चाचपला.

"टाका कुठे गेला रे?"

मी पुस्तक उघडलं.

"बदललास होय?" ती स्टुलावर बसली. "मला वाटायचं, माझ्या हातचं धुणं तुला चालत नाही. म्हणून मी हात लावत नव्हते."

तिने कडकडीत गरम पाण्यात व्हिनेगर घालून टॉवेल तासभर भिजवला, पिळला, मग नुसत्या खायच्या सोड्याने धुतला. "एवढी पावडर निघते का धाग्यातून? त्यात ते लिक्विड, म्हणजे चिकटाच. आणि दारामागे कोण वाळवतं? हवा नको त्याला?" काठीने तिने तो दांडीवर एकेरी पसरला. जागा करायला मुलाचा शर्ट बाजूला सरकवला. वास गेला. हेवा गेला असं लिहिता येत नाही, कारण तो सरकवलेला शर्ट मी दिवसभर समाधानाने बघत होतो.

आता मी बाळकुमला राहतो. गेल्या महिन्यात आत्याच्या मुलाने टिटवाळ्याला फ्लॅट घेतला आणि ती त्याच्याबरोबर जाणार असं कळलं. मग मी तिला हे पत्र पाठवलं.

आत्या, नमस्कार.
फोनवर हे बोलता आलं नसतं. मी आज स्वतःच्या पायावर उभा आहे तो तुझ्यामुळे. तू टिटवाळ्याला जाणार हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो तुझा मुलगा, त्याचा हक्क पहिला, हे मला कळतं. तरी दोन दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. तू टिटवाळ्यालाच राहा, पण वर्षातले दोन महिने माझ्याकडे ये. पाहुणी म्हणून नको. कोणते दोन महिने ते त्याला विचारून ठरवू नकोस. आधी मला सांग.
तुझा भाचा