धोंडूचं नाव

"तू तोंड उघडायचं नाहीस. नुसतं जातं ओढायचं," बाई म्हणाल्या. "तुझा आवाज राकट आहे. लोकांना सोसणार नाही."

पडद्यामागे, सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

मी पुण्यात त्यांच्या घरी धुणीभांडी करायची, दळण दळायची. त्या दिवशी त्यांच्या महिला मंडळाचा लोकगीतांचा कार्यक्रम होता. मला त्यांचंच हिरवं लुगडं नेसवलं होतं. मी मूठभर जोंधळे पदराला बांधून आणले होते, ते त्यांनी सोडायला लावले. पीठ सांडेल म्हणे. "रिकामंच फिरव."

"रिकामं जातं फिरवत न्हाईत, बाई. वंगाळ असतंय."

"अगं, हे नाटक आहे."

बाई गाणार होत्या ती ओवी मात्र माझ्या आईची होती. विंझरच्या वर डोंगरात आमचा धनगरवाडा. माझा भाऊ धोंडू नदीपलीकडे मेंढरं घेऊन गेला होता. पाणी चढलं. त्यानं मेंढरं अलीकडे काढली आणि तो मागे राहिला. आई त्याचं नाव कुणाजवळ काढायची नाही. फक्त पहाटे, जात्यावर.

मेंढरं आली घरा, कुत्रं चालं मागं मागं
धोंडू माझा कुठं, नदीबाई मला सांग

दळताना मी ही ओवी म्हणायची. बाईंनी ती ऐकली, पुन्हा पुन्हा म्हणायला लावून पाठ केली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "म्हंजी धोंडूचं नाव पुन्यात निगंल म्हन की." धोंडू गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पडदा उघडला. मी रिकामं जातं फिरवू लागले. दगडावर दगड घासत होता, दात शिवशिवत होते. तालमीला मला कुणी बोलावलं नव्हतं. जातं ओढायला कसली तालीम? बाई पेटीच्या सुरात गायल्या. गोड गायल्या.

गाई आल्या घरा, वासरं मागं मागं
कान्हा माझा कुठं, यमुनाबाई मला सांग

टाळ्या पडल्या.

मला आधी उमजेना. मग उमजलं. मेंढरं नाहीत. कुत्रं नाही. आमची नदी नाही. माझा भाऊ दुसऱ्यांदा वाहून गेला होता, माझ्या डोळ्यांदेखत. आणि जातं मी ओढत होते.

मी खुंटा सोडला. उभी राहिले.

"कान्हा न्हाई," मी म्हणाले. "धोंडू. माज्या भावाचं नाव धोंडू व्हतं."

सगळी मंडळी हसली. त्यांना वाटलं, हे नाटकातलंच आहे.

पडद्यामागे बाई माझ्यावर धावून आल्या. "माझी शोभा केलीस. धोंडू हे काय गाण्यात घ्यायचं नाव आहे?" मी त्यांचं लुगडं सोडलं, माझं नेसले, जोंधळे पदराला बांधले आणि निघाले ती परत त्या घरात पाऊल टाकलं नाही.

वाडीवर पोचले तेव्हा आई दारातच होती. "घेतलं का गं त्याचं नाव?"

"म्या घेतलं."

"मान्सं काय म्हनली?"

"हसली."

दुसऱ्या पहाटे ती दळायला बसली आणि गायलीच नाही. नुसती जात्याची घरघर. मी अंथरुणात तोंड दाबून रडले. त्यानंतर आई मरेपर्यंत कधी गायली नाही, आणि ते दुःख माझ्या छातीवर तसंच आहे.

आता मी गाते. त्याच राकट आवाजात, मेंढरांसकट, कुत्र्यासकट, धोंडूसकट. परवा शहरातून दोघी जणी वाडीवर आल्या. कार्यक्रमासाठी जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या.

"म्या गाईन," मी म्हणाले. "हाय तशी. जातं तुमी ओढा."

त्या एकमेकींकडे बघून उठल्या. जाऊ देत. धोंडूला वगळून माझ्या घरातली ओवी कुणाला मिळणार नाही.