मेलेल्या माणसाने पाजलेलं पाणी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तो फोन अजून कानात ताजा आहे. मी मेहकर तालुक्यात ठाणेदार होतो. दुपारी एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

“साहेब, गावात एक मानूस मेला. त्याची बहीन बेशुद्ध पडली, अन् तो मेलेलाच तिले पानी पाजून राह्यला.”

“पाटील, सकाळपासून काही घेतलंय का?”

“नाई साहेब. तुम्ही याच.”

फाट्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा भलामोठा फ्लेक्स होता. आमच्याकडे असा फ्लेक्स लागला की कोणी शंका घेत नाही. गावात पोचलो, तर फ्लेक्सवरच्या फोटोतला इसम ओट्यावर बसलेला. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांखाली काजळ. त्याची साठीची बहीण शुद्धीवर आली होती. तिने आधी भावाला चिमटा काढून पाहिला, मग चप्पल काढली. मारताना ती रडत होती. पायाशी फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी पडली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून ती अमडापूरहून घेऊन आली होती.

गावातलाच एक पंचविशीचा पोरगा कमी खर्चात भुताचा सिनेमा काढत होता आणि हा भाऊ त्यातलं भूत होता. सगळ्यांना ठाण्यात आणलं, कॅमेराही आणला.

“फ्लेक्स सिनेमासाठीच होता साहेब,” पोरगा म्हणाला. “शूटिंग संपलं, पन काढाचा राह्यला.”

खोटं बोलणारा माणूस चहा घाईत संपवतो, असा माझा अनुभव. याने तोंड भाजून घेतलं. मी कॅमेऱ्यातली शेवटची क्लिप लावायला सांगितली. सहा मिनिटं नुसतं रिकामं अंगण, एक कोंबडी इकडून तिकडे. मग बहीण हंबरडा फोडत आत येते आणि दारातून पांढऱ्या तोंडाचा भाऊ बाहेर पडतो.

“शूटिंग संपलं होतं ना? मग रिकाम्या अंगणात सहा मिनिटं कोणाची वाट पाहत होतास?”

पोरग्याने कॅमेरा बंद केला आणि खरं सांगून टाकलं. फ्लेक्सचा फोटो त्यानेच बहिणीच्या गावच्या ग्रुपवर टाकला होता. भावालाही त्याचा पत्ता नव्हता. “खरं रडनं कोनाले जमत नाई साहेब. हा एक शॉट असला त माह्या सिनेमाले कोनी नाव ठेवनार नाई.”

मला संताप आला. खोटं कशाला बोलू, शॉट जबरदस्त होता, माझ्याही अंगावर काटा आला होता. त्यामुळे संताप आणखीच वाढला.

तक्रार द्यायची का, असं मी बहिणीला विचारलं. तिने आधी क्लिप पाहिली आणि पदराने डोळे पुसले. “तक्रार नाई देत. पन हे पुस. मी भावासाठी रडली, लोकाईले दाखवाले नाई.”

“आत्या, दोन वर्षांची मेहनत हाय.”

“अन् अमडापूरहून येताना वाटंत मले काय झालं, ते हाय का तुह्या कॅमेऱ्यात?”

त्याने क्लिप स्वतःच्या हाताने पुसली. मी जबरदस्ती केली नाही, हे मुद्दाम सांगतो. तेवढ्यात भावाने सोबत उचलून आणलेलं फडकं बाकावर सोडलं. “आता आनलंच हाय त,” म्हणत तोंडाचा रंगही न धुता त्याने स्वतःच्या मयताची पिठलं-भाकरी खाल्ली. अख्खं ठाणं हसलं, बहीणही हसली.

पुढे समाजमंदिरात सिनेमा दाखवला, तेव्हा मला पुढच्या रांगेत बसवलं. त्या प्रसंगात बहीण दिसतच नाही. उंबरठ्यावर कोणीतरी भाकरीचं फडकं ठेवून जातं आणि कॅमेरा तिथेच थांबतो. सगळे चिडीचूप झाले होते. फक्त मागून आत्या मोठ्याने म्हणाली, “फडकं माह्यं हाय.”

नोकरीभर मीही जबाब घेताना समोरचा रडायला लागला की मनातून खूश व्हायचो, आता खरं बाहेर येणार म्हणून. त्या पोरावर संतापलो तेव्हा हे मला सुचलं नव्हतं, त्याच संध्याकाळी घरी जाताना जीपमध्ये सुचलं. नंतरची जी काही वर्षं नोकरी राहिली, त्यात कोणी रडायला लागलं की मी पेन खाली ठेवायचो आणि आधी पाणी द्यायचो.